नोकरी गेलेल्या गृहकर्जदारासाठी बँकेकडे नियमच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरकपातीच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात सातत्याने येत आहेत. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या एकूण मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे साधारण १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हापासून हा विषय पुण्यात घरोघरी बोलला जाऊ लागला. या बातम्यांवरची चर्चा बहुधा कृत्रिम बुद्धिमत्ता, अमेरिकी ग्राहकांनी आवरता घेतलेला खर्च आणि नवी कौशल्ये या मुद्द्यांभोवती फिरते. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु नोकरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरात उठतो, त्या घराच्या हप्त्याचे काय होते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. मी बँकेच्या कर्ज विभागात दीर्घकाळ काम करून निवृत्त झालो असून सध्या वाकड परिसरातील एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. या दोन्ही अनुभवांच्या आधारे मला एकच गोष्ट मांडायची आहे: पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या कर्जाचे पुनर्गठन करण्यासाठी, म्हणजे परतफेडीची मुदत आणि हप्ते नव्याने बांधून देण्यासाठी, आपल्या बँकांकडे कायमस्वरूपी नियम आहेत, मात्र पगार बुडालेल्या गृहकर्जदारासाठी तसा कोणताही नियम नाही, आणि तो आता व्हायला हवा.

प्रथम आकडे पाहू, कारण या प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांतच आहे. पुनावळे, ताथवडे किंवा रावेत येथे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत एखाद्या कुटुंबाने ६२.५ लाख रुपयांचा दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, असे समजा. बँक त्यावर ८० टक्के, म्हणजे ५० लाख रुपये कर्ज देते. उरलेले १२.५ लाख रुपये कुटुंबाने उभे करायचे. त्याखेरीज ७ टक्के मुद्रांक शुल्क, ५ टक्के जीएसटी आणि ३० हजार रुपये नोंदणी शुल्क मिळून आणखी सुमारे ७ लाख ८० हजार रुपये लागतात. म्हणजे घरात पाऊल ठेवण्यापूर्वीच वीस लाखांहून अधिक रक्कम पदरची गेलेली असते. त्या रकमेत पुष्कळदा लातूर, बीड किंवा जळगावकडच्या वडिलांनी विकलेला जमिनीचा तुकडा असतो, आईचे दागिने असतात आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेली उचलही असते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या या ५० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता ४३ हजार ३९१ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ३५ हजार ४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम ८ हजारांनी कमी होते. तीन वर्षे एकही दिवस न चुकता हप्ते भरले, तर कुटुंबाने १५ लाख ६२ हजार रुपये भरलेले असतात, पण कर्ज उतरलेले असते केवळ सव्वातीन लाखांनी.

या टप्प्यावर नोकरी गेली, की शेजारपाजारचे आणि नातेवाईक सल्ला देतात, ‘घर विकून मोकळे व्हा.’ विकायचे म्हटले, तर मुद्रांक शुल्क आणि जीएसटीपोटी गेलेले पैसे परत येत नाहीत. शिवाय ज्या परिसरात अनेकांवर एकाच वेळी अशी पाळी आलेली असते, तेथे मनासारखा भाव देणारे गिऱ्हाईकही मिळत नाही. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीभोवतालच्या वसाहतींची हीच मोठी अडचण आहे. घर विकू पाहणारा, घर घेऊ पाहणारा आणि भाड्याने राहणारा, हे तिघेही एकाच उद्योगाच्या पगारावर अवलंबून आहेत. उद्योगाने हात आखडता घेतला, की पगार, घराचा भाव आणि भाडे या तिन्ही गोष्टी एकदम दबतात.

याहून कठीण अवस्था बांधकाम चालू असलेल्या घराचे पैसे भरणाऱ्यांची आहे. ते सध्याच्या घराचे भाडे देतात आणि न मिळालेल्या घराच्या कर्जावर व्याजही भरतात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नमुना करारनाम्यानुसार ग्राहकाने तीन वेळा हप्ता चुकवला, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन विकासकाला करार रद्द करता येतो. ज्या कुटुंबाचे उत्पन्न अचानक थांबले आहे, त्याला या पंधरा दिवसांत काहीही उभे करता येत नाही.

आता बँकेत काय घडते, ते सांगतो. हप्ता ९० दिवस थकला, की कर्जखाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे वसुली थांबलेले, ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) अन्वये साठ दिवसांची नोटीस निघते आणि त्या मुदतीत बँकेचे देणे चुकते झाले नाही, तर न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार बँकेला मिळतो. म्हणजे कायद्याने पाहिले, तर पहिला हप्ता चुकल्यापासून ताब्याच्या कारवाईपर्यंतचे अंतर सुमारे पाच महिन्यांचे असते. प्रत्यक्षात बँका याहून अधिक वेळ घेतात, हे मी अनुभवाने सांगू शकतो, पण तो वेळ कर्जदाराचा हक्क नसतो. तो त्या शाखेच्या कामाच्या रेट्यावर आणि अधिकाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहतो. चाळिशी ओलांडलेल्या, अठरा-वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला त्याच पगाराची नोकरी पाच महिन्यांत मिळेलच, असे आजची बाजारपेठ पाहता कोणी म्हणू शकणार नाही.

अनेकांना वाटते, की शाखाधिकाऱ्याला भेटून अडचण सांगितली तर तो काही महिन्यांची सूट देईल. शाखाधिकाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या निकषांनुसार आर्थिक अडचणीतील कर्जदाराच्या परतफेडीच्या अटी सैल केल्या, तर ते ‘पुनर्रचित’ कर्ज ठरते आणि एरवी चांगले असलेले खातेही सामान्यतः अनुत्पादित वर्गात टाकावे लागते. त्यासाठी बँकेला नफ्यातून तरतूद करावी लागते आणि कर्जदाराच्या पतइतिहासावर शेरा उमटतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना गप्प बसणे सोयीचे वाटते, आणि कर्जदार क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल अ‍ॅपवरून तीस-छत्तीस टक्क्यांचे कर्ज काढून साडेआठ टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता भरत राहतो. मी पाहिलेल्या बहुतेक उद्ध्वस्त खात्यांची सुरुवात गृहकर्जापासून झालेली नव्हती. गृहकर्ज वाचवण्यासाठी घेतलेल्या या वरच्या कर्जांनी ती कुटुंबे बुडाली.

शेतीच्या बाबतीत मात्र रिझर्व्ह बँकेने हा पेच फार पूर्वी सोडवला आहे. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पीकहानी झाली, की पीककर्जाचे पुनर्गठन करता येते, त्यासाठी मुदत ठरलेली आहे आणि अशा पुनर्गठनामुळे खाते आपोआप अनुत्पादित होत नाही. आपत्तीग्रस्त भागातील इतर कर्जदारांनाही दिलासा देण्याची मुभा त्याच निर्देशांत आहे. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, शेतकऱ्याला त्याचा पुरेसा लाभ होत नाही, हे मान्य. पण निदान नियम आहे, पैसेवारीसारखे पिकाच्या उताऱ्याचे मोजमाप आहे आणि तहसीलदारापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत त्याची नोंद करणारी यंत्रणा आहे. शहरातील पगार बुडाल्याची नोंद करणारी अशी कोणतीही यंत्रणा नाही.

ती नोंद न होण्याचे एक कारण राजीनामा हे आहे, आणि याकडे मी आपल्या वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. औद्योगिक कायद्याप्रमाणे कामगाराला कमी करायचे, तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरण्याची तरतूदही आहे. परंतु कर्मचाऱ्याला मनुष्यबळ विभागाच्या खोलीत बोलावून, ‘तुम्हीच राजीनामा दिला तर अनुभवाचे प्रमाणपत्र चांगले मिळेल’ असे सांगितले जाते, तेव्हा कागदोपत्री कपात घडतच नाही. गृहकर्जासोबत विकल्या जाणाऱ्या नोकरी-विम्याचीही तीच गत होते. हे विमे सहसा तीन हप्त्यांपुरते असतात आणि राजीनामा दिला असेल, तर दावा फेटाळला जातो. ज्या कुटुंबांनी कर्ज घेताना या विम्याचा हप्ता भरला, त्यांतील कित्येकांना ही अट नोकरी गेल्यावर कळते. म्हणून कोणावर ही वेळ आली असेल, तर घाईने सही करू नये, कामगार आयुक्तालयात किंवा कर्मचारी संघटनेकडे सल्ला घ्यावा आणि राजीनामा द्यावाच लागला, तर तो कंपनीच्या सांगण्यावरून देत असल्याचा लेखी पुरावा, निदान ईमेलच्या रूपात, जपून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर रोजगार गेल्याचा अनुभव पूर्वी घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातली चूल संकटात आली. त्या हालअपेष्टांची तुलना आजच्या संगणक अभियंत्यांच्या अडचणीशी करणे मला प्रशस्त वाटत नाही. त्या कुटुंबांनी जे सोसले, ते फार वेगळे होते. तरीही घराच्या दृष्टीने एक फरक नोंदवण्यासारखा आहे. गिरणगावातील चाळीची दहा बाय बारा फुटांची खोली भाडेनियंत्रण कायद्याच्या संरक्षणाखाली होती आणि तिचे भाडे अत्यल्प होते. पगार थांबला, तरी बायकांनी खानावळी चालवून, शिवणकाम करून, भाजी विकून त्या खोलीचे भाडे भरले आणि कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर टिकले. गावी कोकणात किंवा घाटावर परतलेल्यांचीही मुंबईतली खोली बहुधा राहिली. आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे घर हेच त्याच्यावरचे सर्वांत मोठे देणे आहे. पोळीभाजीचे डबे करून ४३ हजारांचा हप्ता निघत नाही.

एका घराचा पगार थांबला, की त्याची झळ त्या घरापुरती राहत नाही. आमच्या परिसरात स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या ज्या मावशी चार-पाच घरी जातात, त्यांतले एक घर कमी झाले, की त्यांच्या खोलीचे भाडे अडते. त्यांच्या नोकरकपातीची बातमी कोठेही येत नाही आणि त्यांना नोटीस, भरपाई, विमा यांतले काहीच मिळत नाही. शाळेच्या व्हॅनचे काका, इस्त्रीवाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या महिला, हिंजवडी-माणच्या ज्या ग्रामस्थांनी औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर कर्ज काढून खोल्या बांधल्या, ते सगळे याच साखळीत आहेत. ज्यांच्या खोल्या कंपन्यांतल्या मुलामुलींनी भरलेल्या असत, त्यांच्या दारावर आता ‘भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या दिसतात.

गृहनिर्माण संस्थांनाही याची झळ बसते. सभासदाचा हप्ता थकण्याआधी देखभाल शुल्क थकते, असा माझा अनुभव आहे. बँक नोटीस काढते, संस्था काढत नाही, म्हणून माणूस बँकेचे आधी भरतो. दुसरीकडे, उन्हाळ्यात टँकरचे देयक, लिफ्टची दुरुस्ती आणि सुरक्षारक्षकांचा पगार यांना थांबता येत नाही. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत साधे व्याज लावण्याची मुभा आदर्श उपविधींनी आजवर संस्थांना दिलेली आहे आणि बऱ्याच संस्था ते यांत्रिकपणे लावतात. हा दर कमाल मर्यादेचा आहे. त्याहून कमी व्याज ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. नोकरी गेल्याचे कळवणाऱ्या सभासदाला सहा महिने व्याज लावू नये आणि त्याचे नाव सूचनाफलकावरील थकबाकीदारांच्या यादीत टाकू नये, असा ठराव प्रत्येक संस्थेला करता येईल. लोकलाजेपोटी ही माणसे सांगत नाहीत. सकाळी पूर्वीच्याच वेळी बॅग घेऊन बाहेर पडणारे आणि दिवसभर ग्रंथालयात किंवा कॉफीच्या दुकानात बसून अर्ज पाठवणारे सभासद आपल्याही इमारतीत असू शकतात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की एवढे मोठे घर घ्यायला सांगितले कोणी, अंथरूण पाहून पाय पसरावेत. हा आक्षेप मला अन्यायकारक वाटतो. हातात पडणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता जाऊ देण्याचे गणित बँकांनी स्वतःच बसवलेले आहे. मीही त्याच गणिताने कर्जे मंजूर केली आहेत आणि ती त्या वेळच्या नियमांत योग्यच होती. २०२० च्या सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात आधी ३ आणि मग २ टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ टक्क्यांवर होता आणि घर घेण्याची हीच वेळ आहे, असे सरकार, बँका आणि विकासक एका सुरात सांगत होते. पुढे फेब्रुवारी २०२३ पर्यंत तोच दर ६.५ टक्क्यांवर गेला आणि त्या कुटुंबांच्या कर्जाची मुदत वाढली. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर एकूण सव्वा टक्क्याने उतरवला, त्याचा फायदा आहेच. ५० लाखांच्या कर्जावर महिन्याला चार हजारांच्या आसपास वाचतात. पण ज्याला पगारच नाही, त्याला ही बचत उपयोगी पडत नाही.

आता उपायाविषयी. कोविडकाळात मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते स्थगित करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती आणि तशी वैयक्तिक सवलत नोकरी गेलेल्यांना द्यावी, अशी मागणी काही जण करतात. ती अर्धवट आहे, हे मी हिशेबाने दाखवू इच्छितो. वर घेतलेल्या कर्जाचे पहिले सहा हप्ते थांबवले आणि त्या काळातील व्याज मुद्दलात मिळवले, तर कर्ज ५२ लाख १६ हजारांच्या पुढे जाते. हप्ता तेवढाच ठेवला, तर २४० ऐवजी २७० हप्ते भरावे लागतात. सहा हप्त्यांच्या सवलतीपोटी तीस हप्ते, म्हणजे सुमारे १३ लाख रुपये अधिक! ‘फक्त व्याज भरा’ ही दुसरी सूचना तर निरुपयोगीच आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत त्यामुळे हप्ता ४३ हजारांवरून ३५ हजारांवर येतो, एवढेच.

खरी मदत करायची असेल, तर त्या सहा महिन्यांचे व्याज मुद्दलात न मिळवता वेगळ्या खात्यात साध्या स्वरूपात ठेवावे आणि कर्जाच्या अखेरीस वसूल करावे. ही रक्कम सुमारे २ लाख १२ हजार रुपये, म्हणजे पाच हप्त्यांएवढी होते. तीसऐवजी पाच. यात बँकेचे काही नुकसान आहे, ते मी नाकारत नाही. मात्र बुडीत कर्जाची तरतूद, ताब्याची कारवाई आणि पडत्या भावातला लिलाव यांचा खर्च पाहता ते सोसण्याजोगे आहे. स्थगितीच्या काळात व्याजावर व्याज लावू नये, हे तत्त्वही आपल्याकडे नवे नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांतील चक्रवाढ आणि साध्या व्याजातील फरक स्वतः भरला होता आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादाही काढून सर्व कर्जदारांना हा लाभ देण्यास सांगितले. तेव्हाचा हिशेब सहा महिन्यांपुरता होता. तो कर्जाच्या पूर्ण मुदतीला लावावा, एवढीच पुढची पायरी आहे.

सवलतीचा गैरवापर होईल, अशी भीती असेल, तर ती एका कर्जात एकदाच, स्वतः राहत असलेल्या एकाच घरासाठी आणि पूर्वी नियमित हप्ते भरलेल्यांनाच द्यावी. नोकरी गेल्याची खातरजमाही सोपी आहे. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली असते आणि पुढील महिन्यांत वर्गणी जमा झाली नाही, हे बँकेला कर्जदाराच्या संमतीने पाहता येते. त्यासाठी राजीनामा की कपात, हा वाद घालण्याचीही गरज राहत नाही.

नियम होईपर्यंत अडचणीतील कुटुंबांनी काय करावे, हेही थोडक्यात लिहितो. पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी होतो का आणि ती वाढ वर सांगितलेली ‘पुनर्रचना’ ठरेल का, हे ९० दिवस उलटण्याच्या आत विचारावे. कंपनीच्या समूह आरोग्य विम्यात आईवडील असतील, तर ते संरक्षण नोकरीबरोबर संपते, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी करावा. कलम १३(२) ची नोटीस आलीच, तर ती बाजूला न ठेवता लेखी हरकत नोंदवावी, कारण तिला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे.

राज्यस्तरीय बँकर्स समितीचे संयोजकत्व बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे आणि त्या बँकेचे मुख्यालय पुण्यातच आहे. मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत होणाऱ्या या समितीच्या बैठकीत दरवर्षी पीककर्जाचा आढावा घेतला जातो. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत नोकरी गेलेल्या गृहकर्जदारांचा विषय घ्यावा आणि वरील स्वरूपाच्या नियमाची शिफारस रिझर्व्ह बँकेकडे पाठवावी, अशी माझी विनंती आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या लोकप्रतिनिधींनी त्यासाठी समितीला पत्र द्यावे. गृहनिर्माण संस्थांच्या महासंघांनीही आपापल्या सभासदांकडून, नावे गुप्त ठेवून, अशा अडचणींची माहिती गोळा करून समितीपुढे ठेवावी. आमच्या संस्थेने हे काम सुरू केले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बँक अधिकारी
वाकड, पुणे